ज्युलिया शिकायची? उद्यमबागेतल्या तापलेल्या सळईपासून सुरुवात करा

ज्युलिया ही प्रोग्रॅमिंगची भाषा २०१२ मध्ये जाहीर झाली आणि २०१८ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. लिहायला ती पायथनइतकी सुटसुटीत, पण कोड चालवण्याआधी त्याचं मशीन-कोडमध्ये रूपांतर करते. म्हणून लाखो वेळा फिरणारा लूपही तिला जड जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी व्याकरण पाठ करत बसू नये. एक हिशेब घ्यावा आणि तोच चालवावा.

आधी ‘ज्युलियाअप’ हा ज्युलिया बसवणारा प्रोग्रॅम टाका, म्हणजे पुढच्या आवृत्त्या त्यातूनच येतात. ज्युलिया उघडून बंद होणारा चौकोनी कंस दाबला की पॅकेज, म्हणजे तयार कोडचे संच, टाकायची जागा येते. तिथून आलेखांसाठी ‘प्लॉट्स’ आणि वेग मोजायला ‘बेंचमार्कटूल्स’ घ्या. बॅकस्पेसने परत या. चलांची नावं देवनागरीत किंवा कन्नडातही चालतात. आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

आता हिशेब. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत २० सेंटीमीटरची लोखंडी सळई ६०० अंशांवर आहे आणि दोन्ही टोकं ३० अंशांवर धरून ठेवली आहेत, असं समजा. ती थंड होताना कुठे किती तापमान राहतं ते काढायचं. दर सेंटीमीटरला एक, असे २१ बिंदू होतात. ज्युलियात मोजणी १ पासून, म्हणून टोकं १ आणि २१. बदलायचे ते २ ते २०. वेळेच्या प्रत्येक पायरीला प्रत्येक बिंदूसाठी शेजारच्या दोघांच्या तापमानांची बेरीज घ्या, त्यातून स्वतःची दुप्पट वजा करा, उत्तराला ‘र’ने गुणून जुन्या तापमानात मिळवा. र म्हणजे उष्णता-विसरणांक (पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा) गुणिले वेळेची पायरी, भागिले अंतराचा वर्ग.

खरी मेख या ‘र’मध्येच आहे. तो अर्ध्यापेक्षा मोठा झाला की उत्तर फुटतं. विसरणांक ०.००००१५ चौरस मीटर प्रतिसेकंद धरला, तर ३ सेकंदांच्या पायरीला र ०.४५ येतो आणि सळई शहाण्यासारखी थंड होते. ४ सेकंदांना तो ०.६ होतो, मग वीसेक पायऱ्यांत काही बिंदू ६०० च्या वर उडतात, काही शून्याखाली जातात. कोड बरोबर असूनही हे होतं, त्यामुळे तासन्‌तास चुका शोधत बसू नका. एकदा मुद्दाम ४ सेकंद टाकून बघाच. अंतर निम्मं केलं तर पायरी पाव करावी लागते, म्हणजे काम साधारण आठपट.

तापमानांची सुरुवातीची यादी ६०० ऐवजी ६००.० ने भरा. नुसत्या ६०० ने ती पूर्णांकांची बनते आणि पहिलाच दशांश ठेवताना ‘इनएक्झॅक्ट एरर’ येते. नव्या तापमानांसाठी ‘नवे = जुने’ लिहून यादीची प्रत होत नाही, एकाच यादीला दोन नावं पडतात; ‘कॉपी’ वापरा.

वेग मोजण्याआधी सगळं फंक्शनमध्ये घाला. फंक्शनबाहेरच्या चलाचा प्रकार कधीही बदलू शकतो, म्हणून कंपायलरला (मशीन-कोड बनवणाऱ्या भागाला) तो गृहीत धरता येत नाही आणि कोड रेंगाळतो. पहिल्या खेपेच्या वेळेत रूपांतराचाही वेळ असतो. दुसऱ्या खेपेचा आकडा धरा.

सळई जमली की चौकोनी पत्रा घ्या. ज्युलिया मॅट्रिक्स स्तंभाने साठवते, म्हणून आतला लूप ओळींच्या क्रमांकावर फिरवा. सी भाषेची किंवा नमपायची (पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजची) सवय असलेले इथे हमखास उलटं लिहितात. उत्तर तेच येतं, वेळ मात्र वाढतो.