कंसातला टक्का : बॅच स्क्रिप्ट दुरुस्त करायला शिकताना

बॅच फाइली (विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहून ठेवलेल्या फाइली) सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले ते माझ्या पात्रतेमुळे नव्हे, तर आधीचा माणूस नोकरी सोडून गेल्यामुळे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेब विभागात बसणारा. परंतु एक्सेलची सूत्रे बरी जमतात म्हणून ‘याला कॉम्प्युटर येतो’ असा समज झाला आणि रोज रात्री सात फोल्डरांची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर टाकणारी एक स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली. त्या स्क्रिप्टने मला पुढे जे दाखवले, ते अजूनही आठवले की पोटात खड्डा पडतो. ज्यांच्यावर अशीच वेळ येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. इको, सेट, इफ आणि फॉर या आज्ञा आपल्याला माहीत आहेत असे मी धरून चालतो. येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फाइलमध्ये त्या नेहमीच्या रोमन लिपीतच टंकायच्या.

आधी दोन सवयी सांगतो. चुकणारी बॅच फाइल डबल क्लिक करून कधीही तपासू नये, कारण खिडकी क्षणभर चमकून बंद होते आणि चुकीचा संदेशही तिच्याबरोबर जातो. कमांड प्रॉम्प्ट उघडावा, त्या फोल्डरमध्ये जावे आणि फाइलचे नाव टंकून ती चालवावी. दुसरे म्हणजे, चालणाऱ्या आज्ञा पडद्यावर दिसू न देणारे पहिल्या ओळीतले ‘इको ऑफ’ काढून टाकावे. माझे ठाम मत असे आहे की नवशिक्याने ही ओळ सर्वांत शेवटी, स्क्रिप्ट महिनाभर नीट चालल्यावरच लिहावी. ती पहिल्या दिवसापासून घालणे म्हणजे गाडी शिकताना आरसे मिटून ठेवण्यासारखे आहे.

आता मुख्य फसगत. माझ्या स्क्रिप्टमध्ये फॉर लूप होता. त्याच्या कंसात रोबोकॉपीची (फाइलींच्या प्रती करणाऱ्या विंडोजच्या आज्ञेची) एक ओळ आणि तिच्याखाली तपासणी होती : ‘इफ %एररलेव्हल% जीईक्यू ८’, म्हणजे आधीच्या आज्ञेने परत दिलेला आकडा ८ किंवा अधिक असेल तर लॉगमध्ये ‘अयशस्वी’ लिहावे, नाहीतर ‘यशस्वी’. ८ हा आकडा बरोबरच होता, कारण रोबोकॉपी ० ते ७ पर्यंतचे आकडे यशाचे म्हणून परत देते (१ म्हणजे फाइली प्रत झाल्या) आणि ८ पासून पुढे गडबड समजावी. वाचणाऱ्या कोणालाही त्या तपासणीत खोट दिसली नसती, आणि मलाही दिसली नाही.

एके दिवशी लेखापरीक्षणासाठी एका सहकाऱ्याला गेल्या आठवड्यातली खातेवही हवी होती, म्हणून मी प्रतींचे फोल्डर उघडले. शेवटची तारीख २२ दिवसांपूर्वीची होती. लॉगमध्ये मात्र २२ दिवस, दररोज सात वेळा, ‘यशस्वी’. मधल्या काळात प्रती ठेवायचा सर्व्हर बदलला होता, जुना मार्ग सापडत नव्हता, रोबोकॉपी इमानेइतबारे १६ हा आकडा परत देत होती, म्हणजे एकही फाइल गेलेली नाही, आणि माझी स्क्रिप्ट त्याच श्वासात ‘यशस्वी’ लिहीत होती. मूळ फाइली शाबूत होत्या म्हणून निभावले.

हे का घडले, ते सावकाश सांगतो, कारण मला हे समजायला तीन दिवस लागले. सीएमडी (बॅच फाइल चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) बॅच फाइल ओळीओळीने वाचते हे खरे, परंतु कंस उघडला की बंद होईपर्यंतचा सगळा मजकूर ती एकच ओळ समजून एकदम वाचते. आणि टक्क्याच्या चिन्हांतले व्हेरिएबल चालवताना नव्हे, तर वाचताना, एकदाच भरले जाते. म्हणजे लूप सुरू होण्यापूर्वीच %एररलेव्हल% च्या जागी त्या वेळची किंमत, बहुधा ०, कायमची छापली गेलेली असते. त्यानंतर रोबोकॉपीने १६ आणले काय किंवा आग लागली काय, तपासणी ‘० हे ८ किंवा अधिक आहे का’ हीच होणार. ‘इको ऑफ’ काढल्यावर हेच पडद्यावर उघड दिसते : संपूर्ण कंस चालण्याआधी छापला जातो आणि त्यात आपण लिहिलेल्या व्हेरिएबलऐवजी ‘इफ ० जीईक्यू ८’ असे स्वच्छ लिहिलेले असते. मी तीन दिवस रोबोकॉपीची पाने वाचत बसलो होतो; ही ओळ दिसायला तीन सेकंद लागली असती.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. कंसात ‘सेट /ए मोजणी+=१’ लिहिले तर मोजणी खरोखर वाढते, कारण तिथे टक्का नाही आणि सेट /ए ती किंमत चालताना पाहते. पण त्याच कंसात ‘इको %मोजणी%’ लिहिले तर दर फेरीला ० दिसतो, आणि कंस संपल्यावर तीच ओळ लिहिली तर अचूक ७ येतो. ‘आत शून्य, बाहेर सात’ हे लक्षण दिसले की अन्य कोठेही शोधू नये.

उपाय तीन आहेत. एररलेव्हलपुरता सर्वांत साधा उपाय म्हणजे टक्का न लावता ‘इफ एररलेव्हल ८’ असे लिहिणे. हे रूप चालताना तपासले जाते आणि त्याचा अर्थ ‘८ किंवा अधिक’ असा असतो. अर्थात म्हणूनच एकाहून अधिक आकडे तपासताना मोठा आकडा आधी लिहावा लागतो. दुसरा उपाय सगळीकडे सुचवला जातो : वर ‘सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन’ लिहावे आणि कंसात टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हे वापरावीत. हा उपाय खरा आहे, पण तो फाइलभर शिंपडण्याचा जो प्रघात आहे, तो मला पटत नाही. कारण तो सुरू असताना फाइलच्या नावातले उद्गारचिन्हही गिळले जाते. आमच्याकडे ‘तातडीचे!’ नावाचे फोल्डर होते. मी हा उपाय केल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश आला आणि मी पुन्हा भलतीकडे शोधू लागलो.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो : कंसातले काम उचलून खाली एका लेबलाखाली ठेवावे आणि लूपमधून ‘कॉल :लेबल’ असे बोलवावे. तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचली जाते, त्यामुळे साधा टक्काही बरोबर चालतो आणि कोड वाचायलाही बरा होतो. फक्त मुख्य भाग संपतो तिथे ‘एक्झिट /बी’ लिहिण्यास विसरू नये. नाहीतर काम संपल्यावर स्क्रिप्ट घसरत त्या लेबलाखाली शिरते आणि एक जादा फेरी रिकाम्या नावाने मारते. मी विसरलो होतो.

आमच्या तंत्रविभागातील एका ज्येष्ठांना मी दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा त्यांनी माझा कीबोर्ड ओढून घेतला, चार ठिकाणी उद्गारचिन्हे टाकली आणि ‘झालं, जा’ असे म्हणाले. मला त्यांच्याविषयी आदर आहे, परंतु असा दुरुस्त करून देणारा गुरू नवशिक्याचे नुकसान करतो. चूक कोठे आहे हे न सांगता ‘पडद्यावर काय छापले गेले ते वाचून दाखव’ असे म्हणणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नये. ‘बॅच मेली, पॉवरशेल शीक’ हा सल्लाही मला भरपूर मिळाला. पॉवरशेल ही विंडोजची नवी स्क्रिप्ट भाषा शिकावीच, पण ज्या कार्यालयात पंधरा वर्षांच्या जुन्या बॅच फाइलींवर पगारपत्रके निघतात, तिथे आजची रात्र बॅचनेच काढायची असते.

टक्का आधी भरला जातो ही एक गोष्ट कळली की इतर अनेक कोडी आपोआप सुटतात. ‘वॉज अनएक्स्पेक्टेड ॲट धिस टाइम’ हा कुप्रसिद्ध संदेश बहुतेक वेळा याच घरातला असतो. व्हेरिएबल रिकामे असेल तर इफच्या डाव्या बाजूला काहीच उरत नाही आणि वाक्य मोडते. म्हणून दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे लावावीत. ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’ हा मार्ग कंसात भरला गेला की त्यातला बंद होणारा कंस आपलाच कंस बंद करतो, इथेही अवतरणचिन्हे. तसेच सेट लिहिताना बरोबरच्या (=) चिन्हाच्या आधी जागा सोडली तर ती जागा व्हेरिएबलच्या नावाचाच भाग बनते आणि मग ते नाव शोधून सापडत नाही. संपूर्ण जोडी अवतरणात, म्हणजे सेट "नाव=किंमत" अशी लिहिली की ओळीच्या शेवटच्या अदृश्य रिकाम्या जागेचाही त्रास संपतो.

थोडक्यात आणखी काही. दुसरी बॅच फाइल ‘कॉल’ न लावता चालवली तर नियंत्रण परत येत नाही आणि पुढच्या ओळी मुकाट्याने राहून जातात. ड्राइव्ह बदलायचा असेल तर ‘सीडी’ला ‘/डी’ जोडावे. आपल्या फाइलला ‘पिंग’ असे नाव देऊन आत पिंग आज्ञा लिहू नये. चालू फोल्डर आधी पाहिले जाते, त्यामुळे फाइल स्वतःलाच बोलावत राहते.

ऑगस्टची गंमत मात्र सांगायलाच हवी. मागील महिना काढण्यासाठी मी ‘सेट /ए’ने महिन्यातून एक वजा करत होतो. जानेवारीसाठी वेगळी सोय केली होती आणि ३१ जुलैपर्यंत सगळे सुरळीत चालले. १ ऑगस्टला ‘इनव्हॅलिड नंबर’. शून्याने सुरू होणारा आकडा सेट /ए अष्टमान पद्धतीचा समजते, आणि त्या पद्धतीत ८ व ९ हे अंकच नसतात. ०१ ते ०७ योगायोगाने बरोबर येतात, १० पासून पुढे शून्य नसतेच. म्हणजे वर्षातले दोनच महिने ही चूक दिसते. उपाय असा : पुढे १ जोडून १०८ करावे आणि १०० वजा करावेत. तारीखही %डेट% मधून अक्षरे मोजून कापू नये, कारण तिची मांडणी त्या यंत्रावरील प्रादेशिक सेटिंगप्रमाणे बदलते. अमेरिकी सेटिंग असलेल्या यंत्रावर पुढे वाराचे नाव येते आणि सगळी अक्षरे सरकतात. जुन्या उत्तरांत डब्ल्यूएमआयसीचा (यंत्राची माहिती विचारणाऱ्या विंडोजच्या जुन्या आज्ञेचा) मार्ग सुचवलेला आढळतो, परंतु ते साधन नव्या विंडोजमधून काढत आणले आहे. तारखेपुरती पॉवरशेलची एक ओळ बोलावलेली बरी.

‘हाताने चालते, टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) चालत नाही’ ही तक्रार घेऊन आपण कधीतरी येणारच, तेव्हा घाबरू नये. याची कारणे मोजकी आहेत. ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा असेल तर स्क्रिप्ट सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभी राहून आपल्या फाइली शोधते. तो रकाना भरावा, मात्र तिथे अवतरणचिन्हे लावू नयेत. किंवा स्क्रिप्टमध्येच सुरुवातीला ‘सीडी /डी "%~डीपी०"’ लिहावे, म्हणजे ती स्वतःच्या फोल्डरमध्ये येते. आपण लॉग इन करून जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह रात्री दुसऱ्या सत्रात अस्तित्वातच नसतो. तिथे सर्व्हरचा संपूर्ण मार्ग द्यावा. आणि रोबोकॉपीला पुनर्प्रयत्नांची मर्यादा घालून द्यावी, कारण मुळात ती एका अडलेल्या फाइलसाठी दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करण्याच्या तयारीने आलेली असते.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता ‘इफ एररलेव्हल ८’ आहे आणि रोबोकॉपीने दिलेला आकडाही लॉगमध्ये शेजारी लिहिला जातो. तरीही महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लॉग न उघडता, मी प्रतींच्या सर्व्हरवर जातो आणि सातपैकी कोणत्याही एका फोल्डरमधली आदल्या दिवशीची फाइल उघडून पाहतो.