डीओएल स्टार्टरची आकृती घोकू नका
डीओएल म्हणजे डायरेक्ट ऑन लाइन, मोटर थेट सप्लायवर सुरू करणारा स्टार्टर. बरेच जण त्याची आख्खी आकृती पाठ करतात आणि प्रॅक्टिकलला एक वायर विसरली की गडबडतात. त्यापेक्षा पॉवर (मोटरला सप्लाय नेणारं) आणि कंट्रोल (बटणांनी चालू-बंद करणारं) सर्किट वेगळ्या पानांवर काढा. पॉवरमध्ये फारसं काही नाही. खरा घोळ कंट्रोलमध्ये. तिथे बोट फिरवत जा: फेज, ओव्हरलोड रिलेचा (मोटरने जास्त करंट ओढला की सर्किट तोडणारा) ९५-९६ कॉन्टॅक्ट, स्टॉप, स्टार्ट, कॉन्टॅक्टरची (कॉइलने ओढला जाणारा मोटरचा स्विच) कॉइल ए१-ए२, न्यूट्रल. आकडे म्हणजे टर्मिनलवरचे नंबर. (कॉइल लाइन व्होल्टेजची असेल तर न्यूट्रलऐवजी दुसरी फेज. हे कॉइलवरच छापलेलं असतं, वाचा.)

कॉन्टॅक्टरचा १३-१४ (कॉइल ओढली की जोडला जाणारा छोटा कॉन्टॅक्ट, बटण सोडल्यावरही कॉइल धरून ठेवतो) फक्त स्टार्ट बटणाला पॅरलल. बटण सोडताच मोटर थांबते? मग हीच जोडणी राहिली आहे, बाकी काही उचकटू नका. उलट १३-१४ स्टॉप आणि स्टार्ट दोन्हींवरून फिरवला, तर स्टॉप दाबूनही मोटर थांबत नाही. हा प्रताप मी केलाय, शेवटी एमसीबी पाडावा लागला.

सप्लाय देण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ९५-९६ बघा: बीप यायला हवा, आणि रिलेचं टेस्ट बटण दाबलं की गेला पाहिजे. मग रिसेट करायला विसरू नका, नाहीतर स्टार्ट दाबत बसाल.