ओरॅकलचे दोन क्लायंट आणि ओआरए-१२१५४: माझा अनुभव

म्हापशातल्या आमच्या ऑफिसात एकाच विंडोज मशीनवर ओरॅकल डेटाबेसचे ११जी (३२-बिट) आणि १९सी (६४-बिट) क्लायंट, म्हणजे डेटाबेसला जोडणारी सॉफ्टवेअरं, आहेत. १९सीचं एसक्यूएल प्लस (डेटाबेसला आज्ञा द्यायचं साधन) बिनतक्रार जोडलं जायचं. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर मात्र ओआरए-१२१५४ (दिलेल्या नावाचा डेटाबेस सापडत नाही) ही एरर दाखवायचं. विंडोजच्या पाथमधला (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतला) क्रम बदलला, ११जी पुन्हा टाकला. जीव मेटाकुटीला आला.

कारण, प्रत्येक क्लायंट आपल्याच होममधल्या (तो जिथे टाकलाय त्या फोल्डरातल्या) 'नेटवर्क' फोल्डरातल्या 'अ‍ॅडमिन' फोल्डरातली टीएनएसनेम्स.ओरा (डेटाबेसची नावं आणि पत्ते असलेली फाइल) वाचतो. दोन्ही होममधून टीएनएसपिंग (जोडणी तपासायची आज्ञा) चालवा, त्यात वापरलेल्या एसक्यूएलनेट.ओरा या सेटिंग्जच्या फाइलीचा मार्ग दिसतो.

मग एक सामाईक फोल्डर करून टीएनएसनेम्स.ओरा आणि एसक्यूएलनेट.ओरा या दोन्ही फाइली त्यात ठेवा. टीएनएस_अ‍ॅडमिन (TNS_ADMIN) हे व्हेरिएबल विंडोजच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्समध्ये सिस्टिमच्या यादीत घाला (यूजरच्या यादीतलं सर्व्हिसना दिसत नाही), त्यात फोल्डरचा मार्ग द्या. सॉफ्टवेअर बंद करून उघडा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. दोन्ही होममधल्या जुन्या फाइलींची नावं बदला, नाहीतर पुढचा माणूस त्याच दुरुस्त करत बसेल.