समुद्री थीमचं ॲप करताय? या चुका टाळा

गडद निळा हेडर, कोपऱ्यात नांगर, कडेने दोरखंडाची किनार आणि लोडिंगला गरगरणारं जहाजाचं चाक. समुद्राशी संबंध असलेलं कुठलंही काम आलं, की नव्या डिझायनरकडून पहिल्याच दिवशी हे चार दागिने येतात. मग ते फेरी बुकिंग असो, कोकणातला होमस्टे असो की स्कूबाचं ॲप. मला ही थीम मनापासून आवडते, म्हणूनच तिची हेळसांड बघवत नाही. समुद्रावरचा रंग, आकार, झेंडा, दिवा यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाला तरी काहीतरी कळवण्यासाठी ठरवलेली आहे. तुम्ही ती शोभेसाठी उचललीत, तरी तिचा अर्थ तिच्यासोबत येतोच.

झेंड्यांची तोरणं

ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक. रंगीबेरंगी चौकोनी झेंड्यांचा एक पॅक कुठून तरी उतरवायचा आणि दिसेल तिथे लावायचा. हे झेंडे म्हणजे आंतरराष्ट्रीय संकेत संहितेची अक्षरं आहेत. सध्याची संहिता १९६९ पासून लागू आहे. तिच्यात प्रत्येक झेंड्याला एक अक्षर आहेच, शिवाय बहुतेक झेंडे एकटे लावले तरी त्यांचा पूर्ण वाक्याएवढा अर्थ होतो.

मालवणकडच्या एका स्कूबा व्यावसायिकाचं ॲप लाँचच्या आधी तपासायला मला बोलावलं होतं. काम दुसऱ्या एका एजन्सीने केलेलं. होम स्क्रीनवर प्रत्येक टाइलला एक झेंडा, आणि ‘आत्ता बुक करा’ या बटणावर लाल-पांढऱ्या चार चौकटींचा. मालकाचे काका मर्चंट नेव्हीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि पुतण्याला विचारलं, “बाळा, बुकिंगच्या बटणावर ‘तुम्ही धोक्याकडे चालला आहात’ असं कशाला लिहिलंय?” तो झेंडा यू अक्षराचा होता आणि त्याचा अर्थ नेमका तोच. नवशिक्यांच्या कोर्सवर लाल-पिवळा तिरका झेंडा होता, म्हणजे ओ: माणूस पाण्यात पडला आहे. पांढऱ्यावर लाल फुलीचा व्ही, म्हणजे ‘मला मदत हवी आहे’, तो संपर्काच्या पानावर होता. तेवढा एकच योगायोगाने जागेवर पडला होता. आणि या धंद्यात ज्या झेंड्याला खरं काम आहे तो ए, पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला, ‘आमचा पाणबुड्या खाली आहे, लांब राहा आणि हळू चला’ असं सांगणारा, तो अख्ख्या ॲपमध्ये कुठेच नव्हता.

एजन्सीचं उत्तर ठरलेलं होतं: “युजरला हे कुठे कळतंय?” हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. कोकण किनाऱ्यावर जहाजावर नोकरी केलेली माणसं गावोगाव आहेत. ज्यांच्यासाठी थीम करायची, त्यांतल्याच जाणत्या माणसांना आपण विचारात घेणार नसू, तर थीम कशाला करायची?

माझी सवय अशी, की डिझाइन फाइलमध्ये प्रत्येक झेंड्याशेजारी त्याचा अर्थ लिहूनच तो ठेवायचा. अर्थ त्या जागी बसत नसेल तर झेंडा काढायचा. नुसतं तोरण हवं असेल तर एकरंगी त्रिकोणी पताका वापरा. खरी जहाजंसुद्धा समारंभाला झेंड्यांच्या माळा लावतात, पण ठरलेल्या क्रमाने, चुकून कुठला संदेश तयार होऊ नये म्हणून.

लाल डावीकडे की उजवीकडे?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा. समोरून येणाऱ्या जहाजाचं चित्र काढलंत तर बघणाऱ्याला लाल उजव्या हाताला दिसायला हवा, आणि नेमकं इथेच बहुतेक चित्रं उलटी येतात.

बोये म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा. त्यांचं प्रकरण आणखी फसवं आहे. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला ठेवायचे असतात. अमेरिकेत, जपानमध्ये आणि फिलिपिन्समध्ये याच्या बरोबर उलट. त्यामुळे अमेरिकी आयकॉन पॅकमधलं बंदराचं तयार चित्र आपल्याकडे चुकीचा मार्ग दाखवतं. फेरीच्या ॲपमध्ये असं चित्र नकाशाला लागून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

या बोयांकडून एक गोष्ट मात्र जरूर उचला. आपल्याकडचा लाल बोया डब्यासारखा सपाट डोक्याचा असतो आणि हिरवा शंकूसारखा टोकदार. रंग दिसला नाही तरी आकारावरून ओळख पटते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, तुमच्या युजरमध्ये असणारच. ‘बोट सुरू’ आणि ‘बोट रद्द’ नुसत्या रंगाच्या ठिपक्याने दाखवू नका. मी प्रत्येक स्क्रीन एकदा फोन ग्रेस्केलवर, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांवर, टाकून बघतो, आणि तिथे अडखळलो तर पुढे जात नाही.

ऑफिसात सुंदर, जेट्टीवर गायब

पांढऱ्यावर टर्कॉइज अक्षरं मॉनिटरवर फार गोड दिसतात. पण त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम १.६ भरतो. साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. नेव्ही ब्लू पांढऱ्यावर १६ पर्यंत जातो. म्हणजे तुमच्याच पॅलेटमध्ये उत्तर आहे: मजकूर नेव्हीत, टर्कॉइज फक्त मोठ्या आकारांना. भाऊच्या धक्क्यावर भर दुपारी, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात घामेजलेला फोन असा माणूस तिकीट दाखवतोय, हे डोळ्यांसमोर ठेवा. स्क्रीन मंजूर करण्याआधी भर उन्हात उभं राहून वाचून पाहा. एसीत बसून ‘प्रीमियम लुक’ ठरवणाऱ्यांनी तर नक्कीच.

रात्रीचंही तसंच. जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशांना दिवस, तिन्हीसांजा आणि रात्र अशी वेगवेगळी रंगसंगती असते, कारण अंधाराला सरावलेले डोळे एका पांढऱ्या स्क्रीनने दिपतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. बोटीवर वापरायच्या ॲपमध्ये डार्क मोड नंतर कधीतरी करू म्हणून चालत नाही.

खोल पाणी गडद निळं?

सागरी नकाशात उथळ पाणी निळं आणि खोल पाणी पांढरं असतं, कारण नाविकाचं लक्ष उथळ भागाकडे जायला हवं. नकाशाची शैली घ्यायची असेल तर ही रीत पाळा, नाहीतर ती शैलीच घेऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

पांढऱ्यावर नेव्ही निळं, बारीक आऱ्यांचं जहाजाचं चाक वापरू नका. आपल्याकडे ते आधी अशोकचक्र दिसतं. आठ जाड आरे आणि बाहेर आलेल्या मुठी हव्यातच.

अष्टकोन, सोनेरी किनार आणि नांगर हे एकत्र टाळा. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलाचा नवा ध्वज आला, त्यावर हे तिन्ही आहेत आणि त्यातली अष्टकोनी किनार शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेली आहे. होमस्टेच्या लोगोला ते शोभत नाही.

मागे सतत हलणाऱ्या लाटा नकोत. फोनमध्ये ज्याने हालचाल कमी केली आहे, त्याला त्या स्थिर दिसल्याच पाहिजेत.

लाकडी टेक्स्चर नको.

काम कोकणचं असेल तर परदेशी किनाऱ्यावरचे पट्टेरी शर्ट आणि सीगल बाजूला ठेवा. ससून डॉकला किंवा हर्णैला जाऊन होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हाताने रंगवलेली नावं बघा. त्या देवनागरी अक्षरांचं वजन आणि त्यांची सावली कुठल्याही स्टेन्सिल फॉन्टपेक्षा जास्त समुद्री आहे.

‘१२ नॉट प्रति तास’ लिहू नका. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर.

आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा मार्गावरच्या साध्या बोटी बंद असतात, तेव्हा त्या पानावर ‘वारा पडलाय, थोडं थांबा’ छापाची गोड वाक्यं नकोत. बोट बंद आहे, पुन्हा कधी सुरू होईल आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी फेरी, चालू आहे की नाही, या तीन ओळी मोठ्या अक्षरांत सगळ्यात वर द्या.