डीव्हीडी आपल्या कॉम्प्युटरवर चालते आन दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कोरी दिसते, तेव्हा काय करायचं

मागच्या दिवाळीत दारव्ह्याकडच्या एक मावशी दुकानात आल्या, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली डीव्हीडी. पोरीच्या लग्नाचे फोटो होते त्यात, मीच राइट करून दिलेली. म्हणे, भाऊ, पुसदले जावयाच्या कॉम्प्युटरवर लावली तं कोरी दाखवते, हे काऊन असं होते जी? मी माझ्या पीसीत टाकली तर झटक्यात सगळे फोटो उघडले. फोटोची दुसरी कॉपी कुठंच नव्हती, कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच पुसलं होतं, आणि घरचे लोक तर डिस्क गेली म्हणून फेकायच्या बेतात होते. म्हणून हे लिहितो. अशी डिस्क फेकू नका.

सगळ्यात आधी एक काम करा, ज्या मशीनवर ती डिस्क राइट झाली तिथंच परत लावून पहा आणि उघडली की दुसरं काहीही करायच्या आधी पूर्ण डाटा हार्डडिस्कवर कॉपी करा, वरून एका पेनड्राइव्हवर पण. कारण मग बिघाड काय आहे ते आरामात शोधता येते. लोक उलटं करतात, आधी घासत बसतात, टूथपेस्ट लावतात, आणि चांगली डिस्क हातची घालवतात.

आता मुख्य कारण, जे मावशींच्या डिस्कले पण होतं, ते म्हणजे सेशन बंद न करणं, म्हणजे लिहिणं संपल्याची नोंद डिस्कवर न होणं. विंडोज ७ पासून पुढं कोरी डिस्क टाकली की विंडोज विचारते, ही डिस्क कशी वापरायची, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी की सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत. पहिलं निवडलं की फाईली पेनड्राइव्हसारख्या टाकता येतात, पुसता येतात, सोयीचं वाटते, पण डिस्क उघडीच राहते, आणि बाहेर काढताना विंडोज सेशन बंद करते त्यालेच थोडा वेळ लागतो. तेवढ्यात लाईट गेली, किंवा आपण घाईनं बटण दाबून ट्रे ओढला, तर ते काम अर्धवट. राइटर ड्राइव्ह अशी उघडी डिस्क बरेचदा वाचून घेतो, म्हणून आपल्याकडे सगळं ठीक दिसते, आणि साधा किंवा जुना ड्राइव्ह तिलेच कोरी म्हणतो. लोडशेडिंगच्या गावात हे लय होते, चूक माझीच होती, इन्वर्टर नसताना मी ते काम करायलेच नको होतं.

उपाय सोपा आहे. डिस्क राइट केलेल्या मशीनवरच लावा, माय कॉम्प्युटरमधी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, सेशन बंद करायचा पर्याय असते तो दाबा, आणि पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. नाहीच झालं तर कॉपी केलेल्या डाटाची नवीन डिस्क बनवा, आणि या वेळेस दुसरा पर्याय घ्या, प्लेअरसोबतचा. मी स्वतः इमेजबर्न हे डिस्क राइट करायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, डिस्क बंद करूनच देते. लिनक्सवर केथ्रीबी हे राइट करायचं सॉफ्टवेअर असेल तर मल्टिसेशन (नंतर अजून फाईली टाकायले डिस्क उघडी ठेवणं) बंद ठेवा.

दुसरी गोष्ट फाईल सिस्टमची, म्हणजे डिस्कवर फाईली कोणत्या पद्धतीनं मांडल्या त्याची. गावातल्या शाळांमधी, पतसंस्थेत अजून विंडोज एक्सपीची मशीनं दिसतात. यूडीएफ ही अशीच एक मांडणी, एक्सपीले तिची २.०१ पर्यंतचीच आवृत्ती वाचता येते, २.५० ची डिस्क लावली तं ते काहीच दाखवत नाही, विस्टा आणि पुढचं वाचते. म्हणून सगळीकडे चालायले पाहिजे असेल तर आयएसओ ९६६० ही जुनी, सगळीकडे चालणारी मांडणी आणि तिच्यासोबत लांब नावांसाठीची जोलिएट ही जोड घ्या. फाईलचं नाव मराठीत असेल तर जोलिएट लागतेच, पण त्यात पण ६४ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून "सातबारा उतारा गट नंबर अमुक अमुक स्कॅन फायनल नवीन" असं लांबलचक नाव ठेवू नका, छोटं इंग्रजी नाव बरं. लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीच्या वरचा असेल तर मात्र यूडीएफ लागते, नाही तर फाईलचे तुकडे करा. आणि कव्हरवर ४.७ जीबी लिहिलेलं असते पण विंडोज ४.३८ च मोजते, त्यात फसून डिस्क काठोकाठ भरू नका, बाहेरच्या कडेलेच आधी वाचायचा त्रास होते.

ड्राइव्ह पण पाहून घ्या. समोर फक्त सीडीचं चिन्ह असेल तर त्यात डीव्हीडी कधीच चालणार नाही, सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, कितीही वेळा लावा. रीरायटेबल (आरडब्ल्यू, पुसून परत लिहायच्या) डिस्कवरून उजेड कमी परत येते, म्हणून जुने ड्राइव्ह त्या वाचत नाहीत, कोणाले द्यायची असेल तर आरडब्ल्यू टाळाच, साधी, एकदाच लिहायची आर घ्या. यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह असेल आणि टकटक करत बंद पडत असेल तर डिस्क नाही, करंट कमी पडते, पीसीच्या मागच्या पोर्टले लावा, दोन टोकांची केबल असेल तर दोन्ही टोकं लावा.

स्पीडचं पण ऐका. ५२एक्स लिहिलं म्हणून ५२ वर सीडी राइट करू नका, स्वस्तातल्या डिस्कवर तर नाहीच, १६ किंवा २४ वर करा, डीव्हीडी ८ वर. पाच मिनिटं जास्त लागतील.

आता आपल्याकडच्या हवेचं. मे महिन्यात यवतमाळ, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टीनाखालच्या खिडकीत ठेवलेली डिस्क ऊन खाऊन खराब होते, आतला रंग उडतो, ते परत येत नाही. सीडीचा थर वरच्या बाजूनं, नावाखालीच असते, म्हणून बॉलपेननं नाव लिहिलं की खालच्या चरापेक्षा जास्त नुकसान होते. डीव्हीडीत थर मधोमध असते म्हणून ती थोडी बचावते. कागदी स्टिकर लावू नका, फिरताना तोल जाते. आणि कापसाच्या सीझनमधी जिनिंगजवळच्या दुकानात बारीक रुई ड्राइव्हच्या लेन्सवर बसते, तेव्हा एक नाही सगळ्याच डिस्क अडतात. डिस्क पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधातून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

एवढं करून पण नाही वाचली तर तीन-चार वेगवेगळ्या ड्राइव्हमधी लावून पहा, एकाले नाही जमत ते दुसऱ्याले जमते. उघड्या सेशनचा डाटा आयसोबस्टर या डाटा काढायच्या सॉफ्टवेअरमधी दिसू शकते, चरे पडलेली असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे तसंच सॉफ्टवेअर.

मावशींचं मग मी असं केलं, फोटो कॉपी करून दोन नवीन डीव्हीडी ८ वर राइट केल्या आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलं का ते तपासणं, चालवलं. पण व्हेरिफाय त्याच ड्राइव्हवर होते, त्यावरून दुसऱ्याचा ड्राइव्ह वाचेल असं कळत नाही, म्हणून दोन्ही डिस्क घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या एक्सपीवर गेलो, तिथं पूर्ण फोल्डर उघडून अर्धे फोटो पाहिले, मगच मावशींच्या हाती दिल्या, सोबत एक पेनड्राइव्ह. आता कोणाचीही डिस्क असो, दुसऱ्याच्या मशीनवर लावून पाहिल्याशिवाय मी दुकानातून बाहेर जाऊ देत नाही.