मखमलीचा ब्लाउज अंगावर खुलत नाही? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की बेळगावच्या खडेबाजारात आणि गणपत गल्लीत बस्त्याची गर्दी सुरू होते. साडी इरकल असो की पैठणी, हल्ली त्यावर मखमलीचा ब्लाउज हवाच असतो. शिवून आला की तक्रारीही ठरलेल्या: अंग जाड दिसतंय, एक बाही वेगळ्याच रंगाची वाटतेय, पाठीवर चकाकतंय. खापर फुटतं टेलरवर, नाहीतर स्वतःच्या वजनावर. खरं तर निम्मं काम दुकानाच्या काउंटरवरच बिघडलेलं असतं.

लव न बघता कापड घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. मखमलीवरची लव एका बाजूला झुकलेली असते. हात फिरवून बघा: एकीकडे मऊ लागतं, उलट फिरवला की अडखळतं. लव खाली झुकलेली असेल तर रंग उजळ आणि चकचकीत दिसतो, वर असेल तर तोच रंग गडद, दाट होतो. म्हणून समोरचे भाग एका दिशेने आणि बाही दुसऱ्या दिशेने कापली, की एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. शिवल्यावर यावर इलाज नाही.

टेलरला आधीच सांगा, सगळे भाग एकाच दिशेने बेता. असं कापताना तुकडे उलटसुलट बसवता येत नाहीत, त्यामुळे कापड जास्त लागतं. नेहमीचा ८० सेंटीमीटरचा ब्लाउजपीस इथे अपुरा पडतो. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर मीटरभर तरी घ्या, अंगाने भरलेल्या असाल तर त्याहून थोडं जास्त. दिशा कुठली, हा आवडीचा प्रश्न. ब्लाउजला लव वर ठेवली तर रंग सुरेख खोल येतो. बसून-उठून घासला जाणारा लांब ड्रेस किंवा लेहंगा असेल तर खालीच बरी.

ट्यूबलाइटखाली रंग ठरवणं

दुकानदार आपल्याशी मराठीत भाव करतो, आतल्या पोराला कानडीत तागा काढायला सांगतो, आणि या गडबडीत आपण घडीतल्या कापडावर भुलतो. तागा दारापाशी उजेडात न्या, खांद्यावर सोडा आणि दोन पावलं मागे होऊन आरशात बघा. पॉलिस्टरची चकचकीत मखमल अंगाच्या प्रत्येक उंचवट्यावर उजेड पकडते. दंड, पोट, पाठीची वळी, काही सुटत नाही. कमी चमकेची, गडद मखमल उजेड पिऊन टाकते आणि अंग आटोपशीर दिसतं. लायक्राची ताणणारी मखमल फिटिंगला सोपी म्हणून घेतात, पण ती आतल्या कपड्यांची रेघसुद्धा दाखवते. माझं मत विचाराल तर ब्लाउजला ती नकोच.

आधीच जाड, त्यात चुण्या

फुग्याची बाही, खांद्यावर चुण्या, कॉलर हे सगळं मखमलीत दुप्पट फुगतं. साधा प्रिन्सेस कट, थोडा खोल गळा आणि कोपरापर्यंतची बाही बहुतेकींना शोभते. बाही दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपवू नका, नजर तिथेच अडते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा, कारण कापडाची जाडी आतली जागा खाते. पैठणीचा पदर जरीने भरलेला असेल तर ब्लाउज कोरा असू द्या. आरी वर्कची, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेल्या भरतकामाची, हौस सुती इरकलीवरच्या ब्लाउजवर भागवा, तिथे ते खुलतं.

नंतर उसवू म्हणणं

मखमलीत जुन्या शिवणीची रेघ राहते. म्हणून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, भरपूर ठेवली तरी सैल करताना खूण दिसतेच. आधी सुती अस्तरच शिवून अंगावर घालून बघा, मग मखमल कापायला द्या. टेलर कटकट करेल, करू दे.

मे महिन्यातल्या लग्नाला, त्यातही चिकोडी-अथणीकडच्या उन्हात, पूर्ण बाहीची मखमल म्हणजे शिक्षा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र तीच सुखाची.

बिघडलंच तर

लव दबली असेल तर कपडा उलटा टांगून आतल्या बाजूने लांबून वाफ द्या, मग मऊ ब्रश लवेच्या दिशेने फिरवा. रेशमी किंवा रेयॉनच्या मखमलीवर पाण्याचे डाग उठतात, आधी आतल्या मायेवर करून बघा. खानापूरकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका; जुन्या सुती ओढणीत सैल गुंडाळा आणि ऊन पडलं की सावलीत वारा द्या. इस्त्री सुलट बाजूने कधीच नाही. पॉलिस्टरची लव एकदा वितळून चकाकली की परत उभी राहत नाही. त्या जागी आरीची एखादी बुट्टी भरून घेणं एवढाच मार्ग उरतो.