गोठवलेल्या एनएडीएचचं रीडिंग दर वेळी घसरत होतं: माझा अनुभव

एनएडीएच म्हणजे पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं सहएन्झाइम. पीएच ७.० च्या सोडियम फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) केलेला त्याचा स्टॉक, म्हणजे साठ्याचं तीव्र द्रावण, मी उणे २० अंशांवर ठेवायचो. वितळवला की ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण (यावरूनच एनएडीएच किती आहे ते मोजतात) आधीपेक्षा कमी, तेही एनएडीएच वापरून टाकणारं एन्झाइम न घालता. नवी पावडर, नवे क्युव्हेट (मोजणीची पारदर्शक कुपी), मोजणीच्या यंत्रातल्या दिव्याची तपासणी, सगळं झालं, फरक नाही. फार वैताग आला.

दोष बफरचा होता. गोठताना डायसोडियम फॉस्फेटचे स्फटिक आधी वेगळे होतात, उरलेलं द्रावण आम्लधर्मी होतं आणि एनएडीएच आम्लात टिकत नाही. शिवाय फॉस्फेटमुळे त्याचं विघटन एरवीही वेगानं होतं.

मग असं केलं. आधी १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड बर्फावर गार केलं. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये एनएडीएचचा डायसोडियम क्षार ७.१ मिलिग्रॅम विरघळवला. लगेच लहान नळ्यांत भरून, प्रकाशापासून झाकून उणे ८० अंशांवर. वापरताना एकच नळी बर्फावर वितळवायची, पीएच ८.० च्या ट्रिस या दुसऱ्या बफरमध्ये १०० पट विरळ करायची. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ३४० नॅनोमीटरला शोषण ०.६२ च्या आसपास यायला हवं (पावडरीत ओलावा असेल तर थोडं कमी). उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

एनएडी प्लससाठी (एनएडीएचचं ऑक्सिडीकृत रूप) मात्र ही पद्धत अजिबात वापरू नका. ते अल्कलीत मोडतं, आम्लात टिकतं.